फिरत्या म्हसोबाचा चौथरा

सुभानजी, तुमच्या म्हसोबाला लोकांनी चौथरा बांधला. चांगला घडीव दगडांचा, चुना घालून, पुढे दोन पायऱ्या. वर तुमचा तो शेंदूर फासलेला गोटा बसवला, नारळ फोडले आणि मला पुण्याहून मुद्दाम बोलावून घेऊन प्रसाद दिला. कापणाऱ्यांचा मुकादम हैबती डोळे पुसत म्हणाला, "पंत, धन्याला लई वणवण व्हायची ह्या देवाच्या मागं. आता देव बी बसला आन् धनी बी सुटलं." मी खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला. बोललो असतो तर शिव्याच गेल्या असत्या, आणि देवापुढे शिव्या देऊ नयेत एवढं मला अजून कळतं.

तुम्ही श्रावणात तापाने गेलात. दहाव्याला मी घाटावर आलो होतो. कावळा पटकन शिवला, तेव्हा सगळे म्हणाले, सुभानजींची काही इच्छा राहिली नव्हती. इच्छा कशी नव्हती? माझ्याशी चाललेलं भांडण अर्ध्यावर टाकून गेलेला माणूस, आणि इच्छा नाही? कावळ्याला कुरणातलं काय कळतं! गेलेल्या माणसाविषयी गोड बोलावं अशी रीत आहे. ती मला आज जमणार नाही. मला तुमचा राग आला आहे, आणि तो ऐकून घ्यायला तुम्ही जागेवर नाही याचा जास्त आला आहे.

हडपसरच्या शिवेपासून लोणी काळभोरच्या वाटेपर्यंत हे सरकारी कुरण. पावसाळ्यात फौजा छावणीला पुण्यात येतात तेव्हा घोड्यांना हिरवं लागतं, आणि दसऱ्याला स्वाऱ्या निघाल्या की मागे राहिलेल्या जनावरांना वर्षभर वाळलेलं. गवत राखायचं तुम्ही, कुरणाचे नाईक म्हणून. ते गाड्या भरून पागेला पोचवायचं मी, पागेचा कारकून म्हणून. घोड्याचं पोट माझ्या गळ्यात आणि जमिनीचं पोट तुमच्या. दोन हटवादी माणसांना भांडायला एवढं पुष्कळ झालं.

आणि भांडलो ते तरी किती! होळी झाली की तुम्हाला जाळायची घाई. जुने ठोंब जळाले म्हणजे मागून कोवळं पातं येतं, हे मलाही मान्य होतं. दुपारच्या वाऱ्यात आग लावू नका, एवढंच मी सांगत होतो. "पंत, आगीला मी वळखतो," म्हणालात. आगीने मात्र तुम्हाला ओळखलं नाही. कडेने आधी जाळून ठेवलेला पट्टा तिने उडी मारून ओलांडला आणि गवताच्या गंज्या खाऊनच ती शांत झाली. पुढच्या वर्षी तुम्ही सकाळी, वारा पडलेला असताना जाळायला लागलात, आणि वर मलाच सांगितलंत, "ही आमच्या आज्याची रीत." तोंडात पान होतं म्हणून मी काही बोललो नाही. ते उत्तर अजून माझ्याकडे शिल्लक आहे.

लांडग्यांचंही तसंच. ओढ्याच्या कपारीत लांडग्याची वीण होती. हिवाळ्यात, कापणी झाल्यावर, तुम्ही धनगरांना मेंढरं बसवायला आत घेत होता, म्हणजे जमिनीला खत मिळे. त्यांची एक मेंढी गेली की ते काठ्या घेऊन कपारीकडे निघत आणि तुम्ही आडवे येत. "लांडगा हाय म्हणून काळवीट एका जागी टिकत न्हाई. टिकलं तर गवताचं बूड खातंय." मी म्हणायचो, "अहो, आणि मेंढी कुणाचं बूड खाते म्हणून लांडगा तिला खातो?" तुम्ही हसला नाहीत. गंज्यांभोवतीचं काटेरी कुंपण वाढवून रात्री मेंढरं त्याच्या आत घ्यायला लावलीत. धनगर निमूट बसले. मीही निमूट बसलो, पण मला ते पटलं होतं असं समजू नका.

खरं भांडण आश्विनातलं. कुसळी गवताला कुसळ धरायच्या आत ते कापलं पाहिजे. नाहीतर ते टोकदार कुसळ घोड्याच्या हिरड्यांत रुततं, तोंड सुजतं, आणि पागेतले लोक माझ्या नावाने शंख करतात. आणि नेमकी त्याच वेळी उशिरा बसलेली हूमची मादी गवतात अंड्यावर असते. माळढोकाला इकडे हूम म्हणतात, नराच्या हुंकारावरून. उभं राहिलं की माणसाच्या कमरेएवढं पाखरू, पण अंडं घालतं एकच, तेही उघड्या जमिनीवर, कसलंही घरटं न करता. विळे जवळ आले आणि मादी उठली, की कावळे अंडं फोडतात. नाही उठली, तर गोफणीचा दगड बसतो आणि संध्याकाळी कुणाच्या तरी चुलीवर ती शिजते. "हूम हाय तवर टोळाची भीती न्हाई," तुम्ही म्हणायचा. "टोळधाड पडली तर तुमचा घोडा काय खाईल पंत? कागद?"

मला हूम तुम्हीच दाखवलात, हे मी नाकारत नाही. पावसाळ्याच्या तोंडाशी एका सकाळी मला गवतात पालथं पाडलंत आणि "डोकं वर काढू नका" म्हणून मानेवर हात ठेवलात. समोरच्या उंचवट्यावर नर आला. शेपूट पाठीवर उलटी टाकली, गळ्याची पिशवी फुगवून पायापर्यंत लोंबवली आणि हुंकारला. तो हुंकार कानाआधी छातीत ऐकू आला. किती वेळ पडून होतो कोण जाणे. घरी गेलो तेव्हा धोतरभर जुनी कुसळं होती. बायको ओसरीवर बसून एकेक उपटत म्हणाली, "पागेचे घोडे इथे येऊन चरतील आता." तुमचे उपकार मानायचे ते त्या सकाळचे. त्या वेळी मानले नाहीत, कारण उठल्या उठल्या तुम्ही "आता कळलं?" असं ज्या आवाजात विचारलंत, तो आवाज उपकार मानून घेण्यासारखा नव्हता.

तर ही मादी वाचवायला तुम्ही देव कामाला लावलात. भाद्रपदात एकटेच कुरण पालथं घालायचं. मादी उडत नाही, चालत निघते, आणि ती आपल्याला ज्या बाजूला नेते तिच्या पाठीमागे अंडं असतं. अंडं सापडलं की दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत एक गोटा तिथून बेताच्या अंतरावर नेऊन ठेवायचा, त्याला शेंदूर फासायचा, आणि कापणारे आले की गंभीर तोंडाने सांगायचं, "औंदा म्हसोबा हितं उठलाय. ह्या अंगाचं गवत देवाचं." माणसं हात जोडायची आणि विळे वळवून पलीकडे जायची. दरसाल जागा नवी, कारण दरसाल मादी नव्या जागी. लोकांनी नावही पाडलं, फिरता म्हसोबा. मी संतापायचो. "अहो, देवाच्या नावाने खोटं कशाला? रीतसर ताकीद आणू सरकारातून. या जागेचं गवत पिल्लू चालेपर्यंत कापू नये, असं लिहून आणू."

एकदा अर्ज केलाही. वरच्या कचेरीतून उत्तर आलं, की कुरण घोड्यांसाठी आहे, पाखरांसाठी नव्हे. तुम्ही इतके हसलात की तुम्हाला ठसका लागला. "पंत, तुमचा कागद गवतासारखा. दरसाल नवा लागतो, आन् खातं दुसरंच कुनी."

आषाढात तुम्ही माझ्याकडे पुण्यात आला होता. शेवटचे. मी अर्ज नव्याने लिहिला होता, या वेळी टोळधाडीचा मुद्दा घालून, तुमचाच मुद्दा. तो वाचून दाखवला. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "ज्यानं हूम बघितला न्हाई त्याला कागदात कसा दिसंल?" माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणालो, "ठीक आहे. आणि तुम्ही नसाल तेव्हा दगड कोण उचलणार?" तुम्ही पागोटं डोक्यावर चढवलंत, जोडे पायात घातलेत आणि म्हणालात, "तवाचं तवा."

तवाचं तवा! ज्या माणसाने होळीला दिवाळीचं गवत बघितलं, कुठल्या तुकड्याला कुठल्या साली विसावा द्यायचा हे ज्याने धनगरांपासून गाडीवानांपर्यंत सगळ्यांना पाठ करायला लावलं, त्याने एवढ्या एका गोष्टीची सोय "तवाचं तवा" म्हणून उडवून लावावी? मी ओरडून काहीतरी बोललो, पण तुम्ही तोवर गल्लीच्या टोकाला गेला होता. ऐकलं असेल तरी वळला नाहीत.

आता ते तवा आलं आहे. आणि तुमच्या माणसांनी काय केलं? तुमच्या मायेपोटी तुमचंच काम बंद पाडलं. फिरत्या देवाला चुन्यात पक्का बसवला, तोही गेल्या सालच्या जागेवर, पूर्वेच्या अंगाला. त्या चौथऱ्याभोवतीचं गवत त्यांनी मोठ्या भक्तीने राखलं आहे. गुडघाभर उभं आहे, डुलतं आहे, आणि त्यात एक लावा पक्षीसुद्धा नाही. मादी यंदा पश्चिमेला, ओढ्याच्या बाजूच्या मुरमाड उंचवट्यावर बसली आहे. मी शोधली. माझ्या या वयात, या गुडघ्यांनी, तुमच्या रीतीने शोधली. ती चालत निघाली, मी तिच्या पाठीमागची बाजू धरली, आणि अंडं दिसलं तेव्हा पहिल्यांदा मागे वळून "सुभानजी, आता कळलं?" असं म्हणणार होतो.

हैबतीला सरळ सांगून पाहिलं. बिचारा अदबीने उभा राहिला. "पंत, म्हसोबाची जागा आमी सोडलीया. तुमी बघितलीच की. आता दसरा तोंडावर आला, पागेतनं माणसावर माणूस येतंय, आन् तुमीच म्हनता आनिक सोडा? वर कुनी इचारलं तर कुनाचं नाव सांगू?" माझं नाव सांग म्हणायची सोय नव्हती. टोळधाडीचा तो अर्जही तुमच्या मागे परत आला होता, तेच उत्तर घेऊन. वर आणखी एक ओळ, की पागेच्या कारकुनाने पागेचं पाहावं. मग देवाचं नाव घ्यावं, तर देव पलीकडे चौथऱ्यावर. त्याला उठवून आणला तर बांधणारेच मला बदडतील. विळे उंचवट्याच्या रोखाने सरकत होते.

म्हणून मी ते केलं, जे केल्याबद्दल तुम्हाला नावं ठेवत आलो. देवघरातला शेंदूर पुडीत बांधून नेला. ओढ्यातला एक गोटा उचलला, तो वाटेत दोनदा पायावर पडला. तुम्ही हे साठीच्या घरात कसं करत होता देव जाणे, की तुम्ही मुद्दाम लहान गोटा घेत होता? शेंदूर फासला. कापणारे आले. आणि हैबतीने काही विचारायच्या आत मी म्हणालो, "सुभानजी माझ्या स्वप्नात आले होते."

सगळे विळे थांबले.

"म्हणाले, देवाला घर दिलंत ते बरं केलंत. पण मला कुठे बसवणार? माझी जागा ओढ्याच्या अंगाला आहे. मला थोडे दिवस तिथे निवांत पडू द्या."

हैबती पुढे आला, वाकला, दगडाला हात लावला आणि बोट बघितलं. "शेंदूर वला हाय, पंत."

"पहाटेचं स्वप्न आहे," मी म्हणालो. "वाळायला वेळ लागतोच."

त्याने माझ्या हाताकडे पाहिलं. मी हात उपरण्यात घेतला. मग त्याने डोईचं मुंडासं काढून दगडापुढे ठेवलं, नाक घासलं, आणि उठून रांगेला ओरडला, "फिरा मागं! नाईकाची जागा हाय." आणि सुभानजी, ती माणसं वळली. एकाने माझ्याकडे बघून मान हलवली, पंत, बरा निरोप आणलात, अशी. मादी जागची हलली नाही. मी ओढ्याकाठी जाऊन बसलो आणि रडलो. जिंकलो म्हणून की हरलो म्हणून ते मला ठरवता आलं नाही, आणि ठरवायला समोर तुम्हीही नव्हता.

इथवर सांगितलं असतं तर तुम्ही मांडी थोपटून हसला असता. पुढचं ऐका.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी परत गेलो, मादी आहे ना ते पाहायला. दगडापाशी तुमच्या साळूबाई बसल्या होत्या. भाकरी आणि ठेचा पानावर वाढून दगडापुढे ठेवला होता, शेजारी पाण्याने भरलेला तांब्या. मला पाहून त्यांनी पदर सारखा केला. मी म्हणालो, "वहिनी, उन्हाच्या कशाला आलात?"

"दगडाचं मला ठावं हाय, पंत," त्या म्हणाल्या. "इतकी सालं शेंदूर तेलात मीच कालवून द्यायची. हा बी तुमीच ठिवला असंल. त्याचं काय न्हाई."

मला हायसं वाटलं. वाटलं, चला, एक माणूस तरी आहे ज्याच्यापुढे सोंग नको.

"पन सपनाचं कुनी खोटं बोलत न्हाई. तुमच्यासारखा मानूस तर न्हाईच." मग खाली बघत म्हणाल्या, "माज्याकडं आलं न्हाईत अजून. तुमच्याकडं आलं. माजं काय इचारलं का?"

सुभानजी, आयुष्यभर लोकांना चोख उत्तरं देत आलो. पुण्यात राहून एवढं एकच शिकतो माणूस. त्या वेळी तोंडातून निघालं ते असं, "घाईत होते, वहिनी."

त्या हसल्या. "त्यांची घाई मला नवी हाय व्हय." थोडा वेळ तांब्याशी बोटं चाळवत राहिल्या. "फिरून आलं तर एवढं इचारा. त्या दिशी त्यांनी पानी मागितलं. मी इहिरीवरनं ताजं आनायला गेले. घरातलं शिळं कशाला द्यावं तापाच्या मानसाला, म्हनून. येस्तवर गेलं. तर रागावलं का माज्यावर, एवढंच इचारा."

मी काय सांगायला हवं होतं? "नाही रागावले" असं म्हटलं असतं तर त्या मानल्या असत्या. पाखरासाठी खोटं बोललो ते बोललो. पण तुमच्या तोंडचं, तुमच्या बायकोला, मी बनवून सांगू? आणि खरं सांगावं, की वहिनी, स्वप्न पडलंच नाही, तर ते संध्याकाळच्या आत हैबतीच्या कानावर जाईल, आणि उद्या सकाळी विळे उंचवट्यावर असतील. मादी अजून अंड्यावर आहे. म्हणून "विचारतो" एवढंच म्हणालो. त्यांनी दगडाला हात जोडले, भाकरी तिथेच ठेवली, तांब्या उचलून पाणी दगडाभोवती ओतलं आणि गेल्या. आता रोज गाडीवानाबरोबर विचारून पाठवतात, "पंतांस्नी काय पडलं का?" मी "अजून नाही" म्हणून सांगतो. हे एवढं मात्र खरं आहे.

तुम्ही मला कोणत्या खोड्यात अडकवून गेलात, कळतं का? तुमच्या एका "तवाचं तवा"पायी मी एका अंड्यासाठी तुमच्या बायकोला ताटकळत ठेवली आहे. पिल्लू फुटून चालायला लागेपर्यंत मला गप्प बसलं पाहिजे. त्यानंतर मी स्वतः वाडीवर जाईन, त्यांच्यापुढे बसून सगळं खरं सांगेन, आणि त्या जे बोलतील ते ऐकून घेईन. पण तोवर ती बाई रोज अंथरुणाला पाठ टेकताना वाट बघते आहे, आणि उठल्यावर माझ्या निरोपाची.

मी रोज उशाला पाणी ठेवून निजतो. तुम्ही येत नाही. नका येऊ. जाळायचं सकाळी की दुपारी, कागद की दगड, आपलं पुष्कळ बाकी आहे, आणि ते कुठे पळत नाही. माझ्याकडे यायची काही गरज नाही. आधी तिच्याकडे जा, सुभानजी. तिने विहिरीवरून आणलेलं ताजं पाणी मागून घ्या, आणि पिऊन या.